संरक्षित समुद्रातील बेकायदा मासेमारी : गस्तीपासून निकालापर्यंत कारवाई कशी करावी

2003 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाला दक्षिण हिंदी महासागरातील हर्ड व मॅकडोनाल्ड बेटांजवळच्या ऑस्ट्रेलियाच्या मासेमारी हद्दीत ‘व्हियार्सा 1’ हे मासेमारी जहाज दिसले. थांबण्याचा आदेश धुडकावून ते पळाले. तीन आठवडे आणि सुमारे 3,900 नॉटिकल मैल, खवळलेल्या आणि हिमनगांनी भरलेल्या समुद्रातून पाठलाग झाला व अखेर दक्षिण अटलांटिकात ते पकडले गेले. त्याच्या खणात टूथफिश या महागड्या माशाचा जवळपास 97 टन साठा होता. एवढे होऊनही 2005 मध्ये जहाजावरील आरोपी निर्दोष सुटले. जहाज त्या हद्दीत मासेमारी करताना कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते आणि सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता.

संरक्षित सागरी क्षेत्रातील अंमलबजावणीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेगवान नौका, ड्रोन आणि उपग्रह येतात. सुनावणीची खोली सहसा येत नाही. माझे ठाम मत असे आहे की सगळी आखणी त्या खोलीपासून सुरू करून मागे समुद्राकडे यायला हवी. सुनावणीत पाच प्रश्न विचारले जातात : नौका नेमकी कुठे होती, किती वाजता होती, काय करत होती, कोणत्या साधनाने करत होती आणि त्याला जबाबदार कोण. नियमांचा मसुदा, गस्तीचे वेळापत्रक, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि साहित्याची खरेदी या पाच प्रश्नांच्या उत्तरांसाठी व्हावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारी, सागरी अभयारण्यांचे व्यवस्थापक आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मच्छीमार संस्था यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. अधिकारांचे तपशील प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार बदलतात, म्हणून पुढील प्रत्येक पायरी आपल्या कायद्याशी ताडून पाहावी.

सिद्ध करता येईल असा नियम

अनेक नियम समुद्रावर उतरण्याआधीच निकामी झालेले असतात. ‘दहा वाव खोलीपर्यंत मासेमारीस मनाई’ असा नियम कागदावर सोपा दिसतो. पण तळाची खोली भरती-ओहोटीप्रमाणे बदलते, गाळाने बदलते, आणि त्या क्षणी त्या नौकेखाली किती पाणी होते हे नंतर कोणालाही सिद्ध करता येत नाही. सीमा नेहमी अक्षांश-रेखांशांनी ठरवलेल्या बिंदूंना सरळ रेषांनी जोडून आखावी, त्या बिंदूंची यादी अधिसूचनेतच छापावी आणि ती कोणत्या नकाशाप्रणालीवर आधारलेली आहे हेही लिहावे. बहुतेक जीपीएस यंत्रे ‘डब्ल्यूजीएस 84’ ही प्रणाली वापरतात. शक्य असेल तिथे सीमा एखाद्या ठळक भूशिराच्या किंवा दीपगृहाच्या रोखाशी जुळवावी, म्हणजे यंत्र नसलेल्या लहान होडीवाल्यालाही ती डोळ्यांनी ओळखता येते. हद्द कुठे आहे हे ज्याला कळूच शकत नाही त्याच्यावर खटला भरणे अन्यायाचे आहे, आणि न्यायाधीशालाही ते तसेच वाटते.

दुसरी सुधारणा याहून मोलाची आहे. ‘मासेमारी करू नये’ एवढेच लिहिले, तर जाळे पाण्यात असताना पकडल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नाही, आणि गस्ती नौका दिसताच जाळे ओढून घ्यायला किंवा कापून सोडून द्यायला वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात 2004 च्या फेररचनेनंतर मासेमारीबंद क्षेत्र सुमारे 5 टक्क्यांवरून एक तृतीयांशापर्यंत वाढले. त्या क्षेत्रातून नौकेला ये-जा करता येते, मात्र मासेमारीची साधने पाण्याबाहेर काढून आवरून ठेवावी लागतात. असा नियम असेल, तर डेकवर सोडायच्या तयारीत पडलेले ओले जाळे हाच भंग ठरतो आणि ‘आम्ही फक्त इथून चाललो होतो’ हा बचाव आपोआप दुबळा होतो. ‘आवरून ठेवणे’ म्हणजे काय, हे प्रत्येक प्रकारच्या जाळ्यासाठी वेगळे स्पष्ट करावे : ट्रॉलचे (नौकेमागून ओढायच्या जाळ्याचे) ओढफळे, म्हणजे जाळ्याचे तोंड उघडे ठेवणारे फळे, दोरापासून सुटे केलेले, लांब दोरीचे गळ आमिषाविना पेटीत, आणि असेच पुढे.

हंगामी बंदीचे नियमही तारखांनी बांधलेले असावेत. ओडिशातील गहिरमाथा अभयारण्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी 1 नोव्हेंबर ते 31 मे अशी बंदी असते. ‘विणीच्या काळात’ असे मोघम शब्द असते, तर काळ कधी सुरू झाला यावरच प्रत्येक प्रकरण अडले असते.

कोण येते, कधी आणि कशासाठी

गस्त आखण्यापूर्वी उल्लंघन करणाऱ्यांची नीट ओळख करून घ्यावी, कारण ते एका प्रकारचे नसतात. चुलीपुरते मासे आणणारा होडीवाला, शेजारच्या बंदरातून रात्री आत घुसणारा ट्रॉलर, सुरुंगाच्या किंवा सायनाइडच्या साह्याने प्रवाळ उद्ध्वस्त करणारी टोळी आणि परदेशी झेंड्याखालचे मोठे जहाज, या चौघांवर एकच उपाय चालत नाही. पहिल्यासाठी समज, पर्यायी जागा आणि सौम्य दंड पुरतो. शेवटच्यासाठी नौदल किंवा तटरक्षक दल, परराष्ट्र खाते आणि बंदर प्रशासन यांना एकत्र यावे लागते. सगळी ताकद पहिल्यावर खर्च करणे सोपे असते, कारण तो पळत नाही आणि त्याच्यामागे वकील उभा राहत नाही. अशा कारवाईने आकडे वाढतात, समुद्राचे फारसे भले होत नाही, आणि किनाऱ्यावरचा विश्वास मात्र कायमचा जातो.

वेळेचा अभ्यास करताना बाजाराकडे पाहावे. चंद्राची स्थिती, भरती, सणापूर्वीची भाववाढ, बंदी सुरू होण्याच्या आधीचा आठवडा, गस्ती नौकेच्या कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळ या सगळ्यांचा घुसखोरीशी संबंध असतो. मागील नोंदी तारीख, वेळ व ठिकाण यांनुसार नकाशावर मांडल्या, की बहुतेक उल्लंघने मोजक्या जागी आणि मोजक्या तासांत होतात, असे दिसून येते.

दुरून पाहण्याची साधने आणि त्यांच्या मर्यादा

मोठ्या जहाजांवर एआयएस हे यंत्र असते. टक्कर टाळण्यासाठी ते जहाजाचे नाव, जागा, दिशा आणि वेग सतत प्रक्षेपित करते. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार, परदेशी फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरील जहाजांना ते बंधनकारक आहे. लहान मासेमारी नौका मात्र बहुतेक देशांत त्यातून सुटतात, आणि बंधन असले तरी यंत्राचे बटण बंद करता येते. व्हीएमएस ही उपग्रहाद्वारे थेट सरकारी केंद्राला जागा कळवणारी वेगळी यंत्रणा असून परवान्याची अट म्हणून ती घालता येते. व्हीएमएसची सक्ती करताना एक कलम न विसरता घालावे : यंत्र बंद पडल्यास ठरावीक तासांत कळवून बंदरात परतणे बंधनकारक आहे, आणि तसे न करणे हाच स्वतंत्र भंग आहे.

यंत्र बंद ठेवणाऱ्या नौकांसाठी रडार उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहासारखे रडार ढगांतून आणि अंधारातूनही जहाजाचे धातूचे शरीर टिपते. प्रखर दिवे लावून माकूळ पकडणाऱ्या नौका रात्रीचा प्रकाश मोजणाऱ्या उपग्रहांना दिसतात. ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ ही संस्था अशी माहिती सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्या संशोधकांनी 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जगातील औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजे सार्वजनिक माग यंत्रणेत दिसतच नाहीत. पडद्यावर ठिपका नाही म्हणून समुद्र रिकामा आहे, असे गृहीत धरू नये, हा यातून घ्यायचा धडा.

ही साधने नौका कुठे पाठवायची ते सांगतात. पुरावा म्हणून ती एकटी क्वचितच पुरतात. तरी 2017 मध्ये गॅलापागोस सागरी राखीव क्षेत्रात पकडलेल्या ‘फू युआन यू लेंग 999’ या चिनी जहाजाच्या खटल्यात एआयएसच्या नोंदींचा चांगला उपयोग झाला. जहाजावर सुमारे 300 टन मासळी आणि 6,000 हून अधिक शार्क होते; इतर जहाजांबरोबर समुद्रातच झालेल्या भेटी त्या नोंदींतून उलगडल्या आणि एक्वाडोरच्या न्यायालयाने खलाशांना 1 ते 4 वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली. प्रत्यक्ष सापडलेला माल आणि दुरून मिळालेला माग एकमेकांना पुष्टी देतात, तेव्हा प्रकरण मजबूत होते.

माणसांकडून मिळणारी खबर मात्र कोणत्याही उपग्रहाहून आधी पोहोचते. खबर देणाऱ्याचे नाव प्रकरणाच्या कागदांत येऊ देऊ नये, वायरलेसवर उच्चारू नये, आणि खबर मिळताच फक्त त्या एकाच नौकेवर धाड घालू नये. आसपासच्या दोन-तीन नौकांचीही तपासणी करावी, म्हणजे खबर कोणी दिली याचा अंदाज लागत नाही. गाव लहान असते आणि खबर देणाऱ्याला तिथेच राहायचे असते.

गस्त

गस्तीचा परिणाम तिच्या अनिश्चिततेवर अवलंबून असतो. दर सोमवारी सकाळी सुटणारी नौका सगळ्या बंदराला पाठ होते. फेरीची वेळ, मार्ग आणि नौका बदलत राहावे; मार्ग बंद पाकिटात देऊन धक्का सोडल्यावर उघडण्याची पद्धत अनेक ठिकाणी उपयोगी पडते, कारण निरोप फुटण्याची जागा बहुतेकदा धक्काच असते. इंधनाची नोंद आणि जीपीएसचा माग दर फेरीनंतर जुळवून पाहावा. तसे केले की गस्त झाल्याचे फक्त कागदावर दाखवता येत नाही.

रात्री नौका ओळखण्यासाठी टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील दिव्यांची माहिती प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ असावी. ट्रॉल ओढणारी नौका वर हिरवा आणि खाली पांढरा, असे सर्व बाजूंनी दिसणारे दोन दिवे लावते. इतर पद्धतीने मासेमारी करणारी नौका वर लाल आणि खाली पांढरा लावते. दिवे मालवून जाळे ओढणारी नौका या नियमांचाही भंग करत असते, तेव्हा तो आरोप वेगळा नोंदवावा.

नौकेवर चढल्यानंतरचा पहिला तास

प्रकरण याच तासात उभे राहते किंवा कोसळते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

जवळ जाण्याआधीच कॅमेरा सुरू करावा आणि तो मध्ये बंद करू नये. तुकड्या-तुकड्यांच्या चित्रफितीवर बचावपक्षाचा वकील प्रथम बोट ठेवतो. आपल्या नौकेवरील जीपीएस आपली जागा सांगते, संशयित नौकेची नाही, हे नवख्या कर्मचाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून संशयित नौका पहिल्यांदा दिसली त्या क्षणी रडारवरील तिचे अंतर आणि दिशा लिहून घ्यावी, पडद्याचे छायाचित्र काढावे, आणि नंतर तिच्या अगदी बाजूला पोहोचल्यावर पुन्हा जागा नोंदवावी. सर्व घड्याळे, कॅमेरे आणि यंत्रे बंदर सोडण्यापूर्वी एकाच वेळेला जुळवलेली असावीत व ती जुळवल्याची नोंद वहीत असावी. नौका सीमेच्या काही मीटर आत असेल, तर यंत्राच्या अचूकतेची मर्यादा ध्यानात घेऊन समज देऊन सोडणे श्रेयस्कर; निसटते प्रकरण हरण्याने पुढच्या भक्कम प्रकरणांचेही नुकसान होते.

चढताना आपली ओळख आणि अधिकार मोठ्याने सांगावेत. दोघांनी चढावे, एकाने आपल्या नौकेवरून सगळे चित्रित करावे. तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) आणि खलाशांना एका जागी बसवून हातांची हालचाल दिसत राहील असे पाहावे, पण आवाज चढवू नये; थकलेली, घाबरलेली माणसे समुद्रावर अविचाराने वागतात. सुरुंग किंवा स्फोटकांचा संशय असेल, तर कर्मचाऱ्यांनी कशालाही हात न लावता मागे सरावे आणि स्फोटकतज्ज्ञांना बोलवावे. कोणताही मुद्देमाल एका माणसाच्या बोटांहून मोलाचा नाही.

जाळे पाण्यात असेल, तर ते वर ओढले जात असतानाचे चित्रण हा सर्वांत मोठा पुरावा असतो. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या छिद्राचा, आकार मोजताना घाई करू नये. जाळे ओले असतानाच मोजावे. दोर, शिवण आणि दुरुस्त केलेले किंवा फाटलेले आस टाळावेत. प्रमाणित मापकपट्टी आसात घालून, आस लांबीच्या दिशेने ताणलेला ठेवून आकडा वाचावा. युरोपीय संघाच्या पद्धतीत सलग 20 आस मोजून सरासरी काढतात आणि प्रत्येक आकडा वेगळा लिहितात. ती पद्धत उचलण्यासारखी आहे. तांडेलाला शेजारी उभे करून प्रत्येक माप त्याला दाखवावे. त्याने सही नाकारली, तर तसे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मापकपट्टी शेवटची कधी तपासली गेली, याचा दाखला फाइलमध्ये असावा.

मासळीची नोंद जातवार करावी : संख्या किंवा वजन, लांबी, अंड्यावर असलेल्या माद्या, आणि ती खणात कोणत्या थरात होती. बर्फाच्या वरच्या थरातली ताजी मासळी आणि तळातली जुनी मासळी यांतला फरक पकडीची वेळ सांगतो. लांबी मोजताना ती थूथनापासून शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या बेचक्यापर्यंत, हे कायद्यात लिहिले असेल तसेच मोजावे आणि तसे नोंदवावे. सुरुंगाने मेलेल्या माशाला बाहेरून सहसा इजा दिसत नाही. पोट उघडल्यावर फाटलेली हवेची पिशवी, कण्याजवळचा रक्तस्राव आणि मोडलेले मणके दिसतात. असे मासे बर्फात ठेवून मत्स्यशास्त्रज्ञाचा लेखी अहवाल लगेच घ्यावा. शार्कचे पर किंवा कापलेले तुकडे कोणत्या जातीचे आहेत हे डोळ्यांनी ओळखता येत नसेल, तर त्यांचे नमुने डीएनए चाचणीसाठी पाठवावेत.

जीपीएस प्लॉटर (नौकेचा मार्ग नकाशावर दाखवणारे यंत्र), फोन आणि नौकेची दैनंदिनी यांत अनेक आठवड्यांचा इतिहास असतो. प्लॉटरची बटणे दाबून पाहण्याचा मोह आवरावा. पडदा जसा आहे तसा टिपावा, वीज न तोडता तज्ज्ञाकडून प्रत काढून घ्यावी, आणि फोन तपासण्यासाठी लागणारी कायदेशीर परवानगी आधी घ्यावी. बेकायदा मासेमारीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या ‘थंडर’ या जहाजाचे उदाहरण इथे आठवते. 2014 च्या डिसेंबरपासून सी शेफर्ड या सागरी जीव वाचवणाऱ्या संस्थेच्या जहाजाने 110 दिवस त्याचा पाठलाग केला, आणि 6 एप्रिल 2015 रोजी साओ तोमे बेटाजवळ ते बुडाले. ते बुडत असतानाच पाठलाग करणारे काही जण त्यावर चढले आणि त्यांनी आतली कागदपत्रे बाहेर काढली. त्याने टाकून दिलेले 72 किलोमीटर लांबीचे गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकवणारे जाळे) संस्थेच्या दुसऱ्या जहाजाने आधीच वर काढून जपून ठेवले होते. त्याच वर्षी साओ तोमेच्या न्यायालयाने कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवून 1.5 कोटी युरोंहून अधिक दंड केला. जहाज तळाशी गेले होते, तरी प्रकरण टिकले. बुडत्या जहाजावर चढण्याचे अनुकरण मात्र कोणी करू नये.

प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि सील असावे, आणि ती कोणी कोणाला किती वाजता दिली याची अखंड साखळी कागदावर असावी. पंचनाम्यात खाडाखोड नको; चूक झाल्यास एका रेघेने खोडून बाजूला सही करावी, म्हणजे मूळ शब्द वाचता येतो. जे पाहिले तेवढेच लिहावे. ‘आरोपी मासेमारी करत होता’ हा निष्कर्ष झाला. ‘विंच फिरत होता, दोर ताणलेला होता, जाळ्याचा मागचा भाग पाण्यात होता, डेकवर जिवंत कोळंबी उडत होती’ हे निरीक्षण झाले, आणि साक्षीत निरीक्षणच टिकते.

पाठलाग, जप्ती आणि खलाशी

परदेशी जहाज पळू लागले, तर संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा करारातील कलम 111 लागू होते. पाठलाग आपल्या हद्दीतच सुरू झाला पाहिजे, त्याआधी दिसेल किंवा ऐकू जाईल असा थांबण्याचा इशारा दिलेला हवा, पाठलाग मध्ये खंडित होता कामा नये, आणि जहाज स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात (किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात) शिरले की तो थांबवावा लागतो. शिवाय तो युद्धनौकांनी, लष्करी विमानांनी किंवा सरकारी सेवेची स्पष्ट खूण असलेल्या व तसा अधिकार दिलेल्या नौका-विमानांनीच करायचा असतो. इशाऱ्याची वेळ आणि पद्धत नोंदवली नाही, तर पुढचे सगळे बेकायदा ठरू शकते. याच कराराच्या कलम 73 प्रमाणे, अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 नॉटिकल मैलांपर्यंतच्या समुद्रात) पकडलेले परदेशी जहाज आणि खलाशी वाजवी जामिनावर लवकर सोडावे लागतात, त्या जहाजाच्या देशाला तत्काळ कळवावे लागते, आणि संबंधित देशांत तसा करार नसेल तर मासेमारीच्या भंगासाठी कैदेची शिक्षा देता येत नाही. या अटी आधीच माहीत असल्या, तर पकडलेले जहाज कार्यपद्धतीच्या चुकीमुळे सोडून द्यावे लागत नाही.

जप्त मासळी सडते, म्हणून तिची विल्हेवाट कायद्यात आधीच ठरलेली असावी : छायाचित्रे, वजन आणि नमुने घेतल्यावर जाहीर लिलाव, आणि रक्कम निकाल लागेपर्यंत खात्याच्या ठेवीत. जिवंत कासवे, शार्क किंवा लॉबस्टर चित्रित करून तिथेच सोडावेत. जप्त केलेली मासळी कर्मचाऱ्यांच्या घरी जाता कामा नये. एवढ्याशा गोष्टीने संपूर्ण खात्याचे नाव जाते.

नौकेवरील खलाशांकडे केवळ आरोपी म्हणून पाहू नये. दूरच्या जहाजांवर पारपत्र काढून घेतलेले, महिनोन् महिने पगार न मिळालेले आणि घरी जाऊ न दिलेले लोक सापडतात. मासेमारीतील कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2007 चा करार याच परिस्थितीसाठी झाला. प्रत्येक खलाशाशी कप्तानापासून दूर, त्याच्या भाषेत, दुभाषाच्या मदतीने बोलावे. माणुसकीसाठी हे आवश्यक आहेच, आणि जबाबदार कोण या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तरही बहुधा याच संभाषणातून मिळते.

दंड कोणाला आणि किती

एका रात्रीच्या पकडीपेक्षा दंड कमी असेल, तर तो धंद्याचा खर्च म्हणून आनंदाने भरला जातो. पण नुसता मोठा दंड लिहूनही भागत नाही, कारण फार मोठ्या दंडाची प्रकरणे वर्षानुवर्षे लांबतात आणि अधिकारी ती दाखल करायला कचरतात. पकडले जाण्याची आणि निकाल लवकर लागण्याची खात्री दंडाच्या आकड्याहून जास्त धाक घालते, असे मला वाटते. त्यामुळे किरकोळ भंगासाठी काही आठवड्यांत निकाल देणारी प्रशासकीय सुनावणी, आणि पुन्हा पुन्हा करणाऱ्यांसाठी परवाना निलंबन, साधनांची जप्ती व फौजदारी खटला, अशी चढती रचना सोयीची ठरते. परवाना काही आठवडे निलंबित होणे हे हंगामात दंडाच्या पावतीपेक्षा जास्त झोंबते. कारवाई तांडेलावरच थांबू नये; नौकेचा मालक, इंधन पुरवणारा आणि माल उचलणारा व्यापारी यांच्यापर्यंत कायदा पोहोचला पाहिजे.

व्यापाऱ्यापर्यंत पोहोचण्याची जागा म्हणजे बंदर. मासळी कुठेतरी उतरावीच लागते. अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने 2009 मध्ये झालेला आणि 5 जून 2016 पासून लागू असलेला बंदर उपाययोजना करार, बेकायदा मासेमारीचा संशय असलेल्या परदेशी जहाजाला बंदरात प्रवेश किंवा माल उतरवण्याची परवानगी नाकारण्याची तरतूद करतो. उघड्या समुद्रात एक नौका शोधण्यापेक्षा धक्क्यावर कागद तपासणे कितीतरी स्वस्त पडते. लहान किनाऱ्यांवरही हेच तत्त्व लागू होते : लिलावाच्या जागी पकडीचे ठिकाण, तारीख आणि नौकेचा क्रमांक नोंदवल्याशिवाय माल विकता येणार नाही, असा नियम करावा आणि अचानक तपासण्या ठेवाव्यात.

काही ठिकाणी समुद्रतळच अंमलबजावणी करतो. इटलीतील तालामोने येथे मच्छीमारांच्या पुढाकाराने संगमरवरी शिल्पे समुद्रतळाशी सोडली गेली, आणि 2022 मध्ये मेक्सिकोच्या नौदलाने वाकिटा या अतिदुर्मीळ जलचर सस्तन प्राण्याच्या अधिवासात धातूचे वाकडे आकडे बसवलेले काँक्रीटचे 193 ठोकळे टाकले. त्यांत जाळी अडकतात. उथळ, लहान आणि सततच्या घुसखोरीच्या जागेसाठी हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे. मात्र अडकलेली जाळी नियमित काढावी लागतात, नाहीतर तीच मासे मारत राहतात.

किनाऱ्यावरची माणसे

फिलिपाइन्समध्ये ‘बांताय दागात’ नावाने ओळखली जाणारी स्वयंसेवकांची सागरी गस्त अनेक गावांत चालते, आणि तिथल्या आपो बेटावरील रहिवाशांनी 1982 पासून आपले छोटे राखीव क्षेत्र सांभाळले आहे. मेक्सिकोच्या काबो पुल्मो उद्यानात स्थानिक कुटुंबांनी मासेमारी बंद करून स्वतः राखण केली. 1999 ते 2009 या काळात तिथल्या माशांचे एकूण वजन चौपटीहून अधिक वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले. ज्यांच्या डोळ्यांदेखत समुद्र पुन्हा भरतो ते त्याची राखण मनापासून करतात, हे पाहून कोणालाही उमेद वाटावी.

तरीही स्वयंसेवकांच्या मर्यादा लेखी ठरवाव्यात. त्यांनी पाहावे, नोंदवावे, छायाचित्र घ्यावे, कळवावे. दुसऱ्याच्या नौकेवर चढू नये, पाठलाग करू नये, आणि हत्यार बाळगू नये. त्यांना जीवरक्षक जॅकेट, रेडिओ, अपघात विमा आणि छापील नोंदवही द्यावी. त्यांनी दिलेल्या खबरीवर काय झाले ते त्यांना ठरावीक दिवसांत कळवावे. तीनदा खबर देऊनही कोणी आले नाही, तर चौथ्यांदा फोन येत नाही.

कामाचे मोजमापही विचारपूर्वक ठरवावे. पकडलेल्या नौकांची संख्या वाढली म्हणजे अंमलबजावणी सुधारली की घुसखोरी वाढली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्याऐवजी गस्तीच्या दर तासामागे किती उल्लंघने दिसली, दाखल प्रकरणांपैकी किती निकालापर्यंत पोहोचली, त्यासाठी किती दिवस लागले आणि सुटलेल्या प्रकरणांत कोणता पुरावा कमी पडला, या चार गोष्टी दर वर्षी मांडाव्यात. गस्तीच्या नोंदी एकसारख्या ठेवण्यासाठी ‘स्मार्ट’ ही मोफत संगणकप्रणाली अनेक संरक्षित क्षेत्रांत वापरली जाते. आणि प्रत्येक निकाल, दोषी ठरल्याचा असो वा सुटल्याचा, नौकेचा क्रमांक, भंग, तारीख आणि दंड यांसह धक्क्यावरच्या फलकावर स्थानिक भाषेत लावावा. तांडेल तो थांबून वाचतात आणि पुढच्या फेरीपूर्वी आपापसांत त्यावर बोलतात.